पोरगं शिकायला चाललंय की चेंडू फेकायला?

ऐकलंत का? नाही ना? मग बसा जरा, चहा टाकते. विषयच तसा आहे.

परवापरवापर्यंत न्यू जर्सीतल्या मराठी घरात चार माणसं जमली की गप्पांचा क्रम ठरलेला असायचा. ग्रीन कार्ड, घराचा हप्ता, कोणाच्या मुलीला मेडिकलला कुठे मिळालं, आणि शेवटी बासुंदी कोणी केली आहे. आता काय विचारतात ठाऊक आहे? "तुमचा किती टाकतो?" टाकतो म्हणजे बेसबॉलचा चेंडू, आणि किती म्हणजे ताशी किती मैल! "82" असं उत्तर आलं, की समोरची बाई "छान हं" म्हणून कोशिंबिरीकडे वळते. "88" म्हटलं की तिचा डाव हवेतच थांबतो. आणि कोणी सहज, अगदी सहज म्हटल्यासारखं, "आता 90 ला लागलाय" म्हणालं, तर तिचा नवरा हातातला ग्लास ठेवून जवळ येऊन बसतो. 90 मैल म्हणजे ताशी 145 किलोमीटर. आपल्या एक्स्प्रेसवेवर या वेगाला चलान येतं. इकडे म्हणे कॉलेजात प्रवेश मिळतो.

म्हणजे ज्या लोकांनी स्वतःच्या लहानपणी "खेळ पुरे, अभ्यासाला बस" एवढंच क्रीडाविषयक मार्गदर्शन ऐकलं, तीच मंडळी आता मुलाला "अभ्यास पुरे, नेटमध्ये जा" म्हणतायत. काय दिवस आले!

आणि हे नुसतं खेळणं नाही बरं का. ट्रॅव्हल टीम नावाचं एक प्रकरण असतं. शाळेचा संघ वेगळा, हा वेगळा. हा पैसे भरून. शनिवार-रविवार पोरं गाडीत, आईबाप गाडीत, आणि गावाकडून सहा महिन्यांसाठी आलेली आजीसुद्धा गाडीत. मराठी शाळा रविवारी, मॅचही रविवारीच. गणपतीच्या नाटकाच्या तालमीला शिवाजी महाराज सलग गैरहजर राहिले, कारण महाराज पेनसिल्वेनियात शॉर्टस्टॉपला उभे होते. शेवटी अफझलखानाच्या कामातल्या मुलाला दोन्ही भूमिका पाठ करायला सांगितल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या मैदानावरचा एक देखावा तर सांगितलाच पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमच्या पायऱ्यांवर आजी बसलेल्या, पाठीला उशी, मांडीवर पोळी-भाजीचा डबा. समोर डगआउटमध्ये नातू आणि त्याचे दहा-बारा सोबती. प्रत्येकाच्या गालात सूर्यफुलाच्या खारवलेल्या बियांचा बकाणा. जिभेनेच बी सोलायची, गर खायचा आणि टरफल, थू, पायाशी. इनिंग संपेपर्यंत बुटांभोवती रांगोळी. आजींनी आधी दुर्लक्ष केलं, मग चष्मा पुसला, मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "अगं, याच्यासाठी का महिन्याला एवढे डॉलर भरता? हे तर आमच्या नाक्यावर फुकट शिकवतात."

सुनेचं लक्षच नव्हतं. तिच्या एका हातात क्लिकर होता, पिचरने किती चेंडू टाकले ते मोजायला, आणि नजर मागच्या जाळीपाशी उभ्या असलेल्या टोपीवाल्या माणसावर. तो होता एका कॉलेजचा कोच. मॅच संपली. लेकाची बॅग एवढी जड, त्यात चारशे डॉलरची बॅट, दोन ग्लोव्ह, स्पाइक्स. आईच ती, म्हणाली, "दमला असशील, आण इकडे." आणि तिने ती बॅग खांद्याला लावली. झालं! गाडीपाशी पोचेपर्यंत शेजारच्या अनुभवी पिचरमातेने तिला अडवलं. "वेडी आहेस का? कोच मंडळी मुलगा बॅट कशी फिरवतो तेवढंच बघत नाहीत, बॅग कोण उचलतं तेही बघतात!" खरंच बघतात; ते उघडपणे सांगतातही. त्यामुळे आता त्या घरात नियम झालाय की मैदानाच्या हद्दीत आईने लेकाची माया करायची नाही. घरी आल्यावर काय ती करावी.

बरं, एवढं कशासाठी? विचारा कोणालाही, उत्तर तयार: "स्कॉलरशिप मिळते ना!" इथे मला हसू आवरत नाही. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डी-वनमध्ये, बेसबॉलच्या एका संघाला बरीच वर्षं किती पूर्ण शिष्यवृत्त्या वाटायची मुभा होती? 11.7. हो, पॉइंट सात! अमेरिकन फुटबॉलला 85 आणि बेसबॉलला 11.7. आणि त्याही 27 पोरांपर्यंत वाटायच्या. म्हणजे कोणाला पाव, कोणाला तिसरा हिस्सा, आणि उरलेल्यांना टोपी आणि टी-शर्ट. 2025 मध्ये कोर्टातल्या एका मोठ्या तडजोडीनंतर हा आकडा गेला. ज्या कॉलेजांनी ती मान्य केली तिथे शिष्यवृत्तीवरची मर्यादा उठली, पण संघ 34 जणांचाच ठेवायचा असं बंधन आलं. म्हणजे द्यायला मुभा भरपूर, पण जागा कमी. आणि मुभा आहे म्हणून प्रत्येक कॉलेजच्या तिजोरीत पैसा आहे असं थोडंच?

आता त्रैराशिक मांडा. देशभरात शाळेत बेसबॉल खेळणारी मुलं साडेचार लाखांहून जास्त. डी-वनचे संघ साधारण 300. गुणिले 34. दहा हजारांच्या आसपास जागा, त्याही चार वर्षांच्या मुलांना मिळून. आणि इकडे दहा वर्षं ट्रॅव्हल टीम, बॅटिंगचे खासगी धडे, हॉटेलं, पेट्रोल, शोकेस. शोकेस म्हणजे पोरांचं प्रदर्शन: 60 यार्ड पळून दाखव, भिंतीवर फेकून दाखव, कॅचर असशील तर चेंडू झेलून दुसऱ्या बेसपर्यंत किती सेकंदांत पोचवतोस ते दाखव, दोन सेकंदांच्या आत असेल तर पुढे बोलू. एका काकांनी या सगळ्याचा एक्सेलमध्ये हिशेब ठेवला होता. बायकोने ती फाइल बघितली आणि तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. तेवढ्या पैशांत म्हणे दोन वर्षांची फी निघाली असती. काका म्हणतात, "पण फोरहँड केवढा सुधारला!" फोरहँड टेनिसमध्ये असतो, हे त्यांना कोण सांगणार.

पण थांबा, खरी गोम पुढेच आहे. हे लोक इतके भोळे नाहीत. इंजिनियर माणसं, 11.7 भागिले 27 त्यांनाही येतं. स्कॉलरशिप हे पाहुण्यांना सांगायचं कारण. मनातलं कारण वेगळंच आहे, आणि ते बोलताना आवाज खाली येतो: "अ‍ॅडमिशन."

बघा हं. येल, प्रिन्स्टन, हार्वर्ड वगैरे आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी एक पैची शिष्यवृत्ती देत नाहीत. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स ही बेसबॉलपुरती तिसऱ्या श्रेणीत, डी-थ्रीत. तिथेही खेळाचा पैसा शून्य. मिळाली तर आईबापांच्या मिळकतीप्रमाणे मदत, नाहीतर राहण्या-जेवणासकट वर्षाला 80-90 हजार डॉलर आपले आपण भरायचे. तरी झुंबड तिथेच! कारण यातल्या बऱ्याच ठिकाणी कोचच्या हातात पैसा नसला तरी शब्द असतो. अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात तो मुलाचे मार्क प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो. याला प्री-रीड म्हणतात. तिकडून हिरवा कंदील आला, की कोच आपल्या मोजक्या नावांत त्याचं नाव घालतो. हजारो हुशार मुलांच्या ढिगात, जिथे प्रत्येकाकडे पूर्ण मार्क, व्हायोलिन आणि समाजसेवा आहे, तिथे आपल्या पोराच्या अर्जावर कोणाची तरी खूण! आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात ना, तेव्हा अचानक कोणकोणत्या खेळांची सर्टिफिकेटं निघायची ते आठवा. माणूस तोच आहे हो, फक्त विमानात बसून आलाय.

आणि इथवर ठीक आहे म्हणायचं. 2019 च्या मार्चमध्ये तर लाजच गेली होती. काही श्रीमंत अमेरिकन आईबापांनी एका सल्लागाराला पैसे चारून मुलांना खोटे खेळाडू बनवलं. कोचना लाच आणि फोटोंमध्ये दुसऱ्याच्या धडावर आपल्या लेकराचं डोकं. सिनेनट्याही त्यात अडकल्या, तुरुंगात जाऊन आल्या. तेव्हापासून आमच्याकडच्या मंडळींची मान ताठ झाली आहे. "आमचा निदान स्वतःच्या हाताने तरी फेकतो!"

आता हे जुळतं कसं, ते ऐका. हा भाग तर हुबेहूब स्थळं बघण्याचा आहे. अकरावी सुरू होण्याआधीच्या 1 ऑगस्टपर्यंत डी-वनच्या कोचने मुलाला फोन करायचा नाही, मेसेज नाही, ऑफर नाही. त्या रात्री बारा वाजता घरोघर मंडळी फोनभोवती जमलेली. मुलाचा बायोडेटा म्हणजे दोन मिनिटांचा व्हिडिओ, उंची, वजन, मार्क. पत्रव्यवहार मुलानेच करायचा. आईने लिहिलेलं पत्र कोचला दुसऱ्या ओळीत कळतं, कारण सोळा वर्षांचा मुलगा "आपल्या संस्थेची उज्ज्वल परंपरा" असं लिहीत नाही. मग बघण्याचा कार्यक्रम, कॅम्पसची फेरी, आणि पसंत पडलं की मुलगा तोंडी होकार देतो. त्याला 'कमिट' झाला म्हणतात. सोशल मीडियावर टोपी घालून फोटो, खाली दोनशे अभिनंदनं. पण हे तोंडी वचन कोणालाच बांधील नसतं हं! मुलगाच नाही, कोचसुद्धा मोडू शकतो. शिवाय 2018 पासून ट्रान्सफर पोर्टल नावाची सोय झाली, तिथून कोचला बावीस वर्षांचा, दाढी आलेला, तयार खेळाडू मिळतो. मग अठरा वर्षांचा आपला बाळ्या बसतो बाकावर बिया सोलत.

"पण शिक्षण आणि बेसबॉल यांचा संबंध काय?" हा प्रश्न परवा एका निवृत्त मास्तरांनी इतक्या तळमळीने विचारला की मला उत्तर शोधावंच लागलं. संबंध जुना आहे. अमेरिकेतली कॉलेज-कॉलेजमधली पहिली बेसबॉल मॅच 1 जुलै 1859 ला मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला झाली, अ‍ॅमहर्स्ट विरुद्ध विल्यम्स. अ‍ॅमहर्स्टने 73-32 असा धुव्वा उडवला. आणि पुढे काय? त्याच भेटीत दोन्ही कॉलेजांनी बुद्धिबळाचाही सामना लावला होता. म्हणजे नुसते दंड नाही, डोकंही तपासा! तेही अ‍ॅमहर्स्टनेच जिंकलं. आणि गंमत म्हणजे मैदानावर कुजबुज काय उठली, तर म्हणे अ‍ॅमहर्स्टचा चेंडू टाकणारा विद्यार्थीच नव्हता, पैसे देऊन आणलेला लोहार होता! पहिल्याच मॅचला हा संशय. मला तर त्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आणि तो प्रिन्स्टनचा मो बर्ग! 1923 ला पदवीधर झाला, आधुनिक भाषांमध्ये, मानाने. शॉर्टस्टॉपला खेळायचा. कॉलेजात लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, आणि धरा खुर्ची, संस्कृतसुद्धा शिकला. आपण संस्कृत घेतलं ते दहावीला शंभरपैकी शंभर पडतात म्हणून; या गृहस्थाने हौसेने घेतलं. समोरच्या संघाचा गडी दुसऱ्या बेसवर उभा असला, की हा आणि याचा जोडीदार आपसातल्या खुणा लॅटिनमध्ये बोलायचे. पुढे व्यावसायिक बेसबॉल खेळता खेळता कोलंबियात कायदा शिकला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा हेर झाला. 1944 मध्ये झुरिकला जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या व्याख्यानाला श्रोता बनून बसला होता, खिशात पिस्तूल. जर्मनांचा अणुबॉम्ब जवळ आलाय असं वाटलं तर गोळी घालायची, असा हुकूम. सुदैवाने व्याख्यान कंटाळवाणं निघालं. त्याच्याबद्दल संघात चेष्टा चालायची की भाषा सात येतात, पण बॅट एकाही भाषेत चालत नाही. ही गोष्ट सांगितल्यावर मास्तर जरा विरघळले. "संस्कृत होतं म्हणतेस?"

आमच्याकडच्या बायकांना मात्र बर्ग नको, कुमार हवा. कुमार रॉकर! वडील अमेरिकन फुटबॉलवाले, आई भारतीय वंशाची. 2019 च्या जूनमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या या पहिल्या वर्षाच्या पोराने ड्यूकचे 19 गडी स्ट्राइकआउट केले आणि अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट दिला नाही. त्या वर्षी ओमाहाची कॉलेज वर्ल्ड सिरीजही व्हँडरबिल्टनेच जिंकली, आणि व्हँडरबिल्ट काही शिक्षणात कच्चं नाही. झालं! "आपलाच की!" असा एकच गलका. घराणं तेलुगू की मराठी याची चौकशी नंतर झाली. पण त्याच कुमारला 2021 मध्ये मेट्स या व्यावसायिक संघाने दहाव्या क्रमांकावर निवडून, हाताच्या तपासणीवरून करारच केला नाही, हे कोणी फारसं सांगत नाही. पुढच्या वर्षी टेक्ससने घेतलं म्हणून गोड झालं.

हात! सगळं तिथे येऊन अडतं. कोपराच्या आतला एक अस्थिबंध तुटतो. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हातातला धागा काढून तिथे बसवला, तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेलाच टॉमी जॉन म्हणतात. वर्षभर किंवा जास्त चेंडूला हात नाही. आमच्याकडे हल्ली हे शब्द अपेंडिक्ससारखे ऐकू येतात. "त्याचं टॉमी जॉन झालं ना, म्हणून लग्नाला आला नाही."

म्हणून या सगळ्या वेडात ज्या दोन-चार घरांत डोकं जागेवर आहे, ती मंडळी एकच गोष्ट विचारतात: उद्या हात गेला, तर हे कॉलेज याला आवडेल का? आणि मग सुरू होतं खरं शहाणपण, जे मला, तोंड वाकडं करत का होईना, मानावं लागलं. या आया कॉलेजच्या वेबसाइटवरचं संघाचं रोस्टर काढतात आणि पेन्सिल घेऊन वाचतात. पोरांच्या नावापुढे मेजर, म्हणजे मुख्य विषय, लिहिलेला असतो. 34 जणांत इंजिनियरिंगचे किती? जीवशास्त्राचे? की सगळेच कुठल्याशा एकाच सोप्या विषयात? गेल्या वर्षीचे पहिल्या वर्षाचे नऊ होते, त्यातले यंदा किती उरले? चार? मग उरलेले पाच कुठे गेले हो?

कारण दुपारी दोनला सराव असतो आणि दुपारी दोनलाच रसायनशास्त्राची लॅब. डी-वनमध्ये फेब्रुवारीच्या मध्यापासून 56 मॅचेस. उत्तरेकडच्या कॉलेजांत तेव्हा गुडघाभर बर्फ, म्हणून पहिले कित्येक आठवडे संघ दक्षिणेला फिरतो; शुक्रवारचे तास बुडतात. नियमाने सराव आठवड्याला वीस तास, पण त्यात प्रवास, पट्ट्या बांधणं, बर्फाच्या टबात बसणं धरत नाहीत. डी-थ्रीमध्ये मॅचेस 40, प्रवास जवळचा, जरा श्वास घेता येतो. तरी जमवणारे जमवतात: माइक मुसिनाने स्टॅनफर्डला पिचिंग करत अर्थशास्त्राची पदवी साडेतीन वर्षांत संपवली, क्रेग ब्रेस्लोने येलला रेण्वीय जीवभौतिकी केलं आणि आता तो रेड सॉक्स या व्यावसायिक संघाचा कारभार बघतो. एमआयटीचा विमानविद्येचा इंजिनियर जेसन झुमिन्स्की 2004 मध्ये पाद्रेस या व्यावसायिक संघाकडून खेळला. आणि कॅलटेक? कॅलटेक 2003 ते 2013 सलग 228 मॅचेस हरलं. दोनशे अठ्ठावीस! दहा वर्षं पोरं हरायलाच उतरायची, आणि दुसऱ्या दिवशी क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर द्यायची. 2 फेब्रुवारी 2013 ला एकदाचं जिंकले, 9-7. हे ऐकून एक काका हळूच म्हणाले, "अशा टीममध्ये आपल्याला सहज घेतील." त्यांना कोणी सांगितलं नाही की तिथे बॅटपेक्षा गणिताची विचारपूस जास्त होते.

आता शेवटचं, आणि हे मात्र तुमच्या-माझ्यात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला दक्षिणेकडच्या एका नामांकित डी-वन संघाकडून बोलावणं आलं. मोठं स्टेडियम, टीव्हीवर मॅचेस, फीत चांगली सवलत. बापाने ऑफिसात पेढे वाटले. आणि पोराने सांगितलं, नको! एका छोट्या डी-थ्री कॉलेजला जाणार म्हणे, एक पैही न घेता. का? तर तिथल्या कोचला त्याने विचारलं होतं, "मंगळवारी माझी लॅब आहे, मग सराव?" आणि कोच म्हणाला, "माझ्या तीन पोरांची मंगळवारी लॅब असते, तुमच्यासाठी सहा वाजता परत दिवे लावतो."

केवढी बोंब झाली ग्रूपवर! डी-वन सोडलं? दिव्यांसाठी? बापाचा चेहरा आठवडाभर उतरलेला. आठवडाभर सगळ्यांनी नावं ठेवली, मीही ठेवली. आणि आता तीच मंडळी एकेक करून त्या मुलाच्या आईला बाजूला घेतायत: "नुसतं कॉलेजचं नाव सांग गं." ती हसते, वरणाला फोडणी घालते, आणि म्हणते, "सांगितलं असतं. पण चार वर्षांनी शॉर्टस्टॉपची एकच जागा रिकामी होणार आहे, आणि माझा धाकटा यंदा नववीत आहे."